‘ला’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. तुम्ही नागपुरात एका कुलर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात फोन घेता. ग्राहक रायपूरपासून कोइमतूरपर्यंतचे, त्यामुळे हिंदीने भागलं नाही की इंग्रजी. शाळेत पहिलीपासून इंग्रजी होतं, बी.कॉम.ला मार्कही बरे होते. तरी तुमच्या टीम लीडरने तुमची पाच वाक्यं लाल करून परत पाठवली:

‘आय सेड हिम टु डिस्कस अबाउट द रिफंड.’
‘माय सर इज नॉट ऑन सीट, दे विल कॉल टु यू टिल फाइव्ह.’
‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.’
‘प्लीज एक्सप्लेन मी द प्रॉब्लेम.’
‘प्लीज स्विच ऑफ इट अँड देन स्विच ऑन इट.’

आणि तुम्ही मागितलंय ते हे: ‘ला, ने, शी, वर, त, पासून, पर्यंत या सगळ्यांना इंग्रजीत कुठे काय लावायचं याची एक पक्की यादी द्या, मी पाठ करते.’

यादी मी देणार नाही. कारण ती यादी मी एकदा केली होती. तेव्हा मला इंग्रजी शिकवायला लागून तीनेक वर्षं झाली असतील. सक्करदऱ्याजवळ घरीच संध्याकाळच्या बॅचेस घ्यायचे. हौसेने एक पान तयार केलं: ला म्हणजे टु, ने म्हणजे बाय, शी म्हणजे विथ, वर म्हणजे ऑन, त म्हणजे इन, हून म्हणजे फ्रॉम. झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटलं. पोरांनी ते इमानदारीने पाठ केलं आणि महिनाभरात सगळी बॅच एकाच सुरात ‘आय मेट टु हिम’, ‘शी मॅरीड विथ हिम’, ‘आय ॲम अँग्री ऑन यू’ म्हणायला लागली. आधी जो तो आपापल्या परीने चुकायचा, माझ्या पानामुळे सगळे मिळून चुकायला लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण ज्याला प्रीपोझिशनची चूक म्हणतो ती बहुतेक वेळा प्रीपोझिशनची नसतेच. चुकतो तो प्रश्न. ‘ला’ला इंग्रजीत काय म्हणतात, असं आपण विचारतो. विचारायला हवं ते हे की या क्रियापदाला पुढे माणूस कसा लागतो.

जरा मुळापासून सांगते. ‘सुनेने सासूला चहा दिला.’ हेच ‘सासूला सुनेने चहा दिला’ असं म्हणा किंवा ‘दिला चहा सुनेने सासूला’ असं म्हणा, चहा कुणी केला आणि कुणी प्यायला यात फरक पडत नाही. कारण ‘ने’ आणि ‘ला’ त्या शब्दांना चिकटून बसलेत. पंगतीत प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची टोपी असली तर कुणी कुठेही बसावं, ओळख पटते. इंग्रजीत टोप्या नाहीत. तिथे ज्याची त्याची जागा ठरलेली. क्रियापदाच्या आधी बसला तो करणारा, नंतर बसला तो ज्याच्यावर काम झालं तो. जागा बदलली की सासूबाईंना चहा करावा लागतो, आणि मग घरात जे व्हायचं ते होतं.

एकेकाळी, म्हणजे साधारण इ.स. ११०० च्या आधी, इंग्रजी नामांनाही आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय लागत. ते झिजत गेले. नामांचे जवळपास सगळे गेले, सर्वनामांचे मात्र थोडेफार टिकले. म्हणून ‘द बॉय’ आधी येवो की नंतर, ‘द बॉय’च राहतो, पण ‘ही’चा ‘हिम’ होतो, ‘आय’चा ‘मी’ होतो, ‘दे’चा ‘देम’ होतो. क्रियापदाच्या आधी आय, ही, शी, वी, दे. क्रियापदाच्या नंतर आणि कोणत्याही प्रीपोझिशनच्या नंतर मी, हिम, हर, अस, देम. सर्वनामांचं एवढंच आहे. म्हणूनच ‘बिटवीन यू अँड मी’, भलेही ‘बिटवीन यू अँड आय’ जास्त साहेबी वाटत असलं तरी.

आता ‘ला’कडे येऊ. ही आठ वाक्यं बघा, सगळ्यांत ‘त्याला’ आहे: त्याला भेटले, त्याला विचारलं, त्याला सांगितलं, त्याला फोन केला, त्याला पाहिलं, त्याला घाबरते, त्याला हसले, त्याला समजावून सांगितलं. इंग्रजीत ओळीने: मेट हिम, आस्क्ड हिम, टोल्ड हिम, कॉल्ड हिम, सॉ हिम, ॲम अफ्रेड ऑफ हिम, लाफ्ड ॲट हिम, एक्सप्लेन्ड इट टु हिम. आठपैकी पाच ठिकाणी ‘ला’साठी काहीच नाही, कारण क्रियापदानंतरची जागा आणि ‘हिम’ हे रूप मिळून ‘ला’चं काम आधीच झालंय. त्यावर पुन्हा ‘टु’ लावणं म्हणजे ‘त्यालाला’ म्हणण्यासारखं आहे. उरलेल्या तीन ठिकाणी ऑफ, ॲट, टु. ते ‘ला’वरून ठरलेलं नाही, ज्याच्या मागे आले त्या शब्दाने ठरवलेलं आहे.

म्हणजे ‘टु’ कधी लावायचा हा नियम शोधत बसू नका. ‘कॉल’ शिकताना ‘कॉल हिम’ शिका, ‘वेट’ शिकताना ‘वेट फॉर हिम’, ‘लिसन’ शिकताना ‘लिसन टु हिम’. क्रियापद एकटं कधी वहीत उतरवायचंच नाही. त्याच्या मागे कोण येतं ते लावूनच उतरवायचं. माझ्या बॅचमध्ये मी ‘हिम’ सक्तीचं केलं होतं. ‘वेट म्हणजे थांबणे’ असं लिहिलं की वही परत.

यातही एक फाटा आहे, आणि तुमचं चौथं वाक्य तिथेच अडकलंय. गिव्ह, सेंड, शो, टेल यांच्या पाठीमागे माणूस थेट बसतो: गिव्ह मी द नंबर, सेंड हिम द बिल, शो अस द फोटो. पण एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब यांच्या पाठीमागे आधी वस्तू, मग टु आणि मग माणूस: एक्सप्लेन द प्रॉब्लेम टु मी, सजेस्ट अ मॉडेल टु देम. असं का? गिव्ह, सेंड, शो, टेल ही इंग्रजीची घरची, जुनी क्रियापदं. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब ही लॅटिनकडून आलेली. आपल्याकडे तद्भव आणि तत्सम शब्दांचा डौल वेगळा असतो ना, तसंच. घरचा माणूस सरळ स्वयंपाकघरात येऊन बसतो, पाहुण्याला मध्ये ‘टु’चा उंबरठा लागतो. कायदा म्हणून मात्र हे धरू नका. ‘से’ घरचाच, तरी ‘से टु हिम’ मागतो. ‘प्रॉमिस’ बाहेरचा, तरी ‘प्रॉमिस्ड मी’ चालतं. पण अंदाज बांधायला बरं पडतं. नवीन, भारदस्त, लांब क्रियापद भेटलं की ‘टु’कडे झुका.

‘से’चा विषय निघालाच आहे तर नागपूरकरांसाठी एक खास गोष्ट. मराठीत म्हणणं आणि सांगणं हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, आणि ते इंग्रजीच्या से आणि टेलशी बऱ्यापैकी जुळतात. ‘तो म्हणाला, मोटर जळली’ हे से, ‘त्याने मला सांगितलं, मोटर जळली’ हे टेल. पण आपण सीताबर्डीवर असो की इतवारीत, अर्धा दिवस हिंदीत असतो, आणि आपल्या इथल्या हिंदीत सगळं ‘बोला’ एवढ्यावर भागतं. ‘उसने मेरे को बोला.’ तेच डोक्यात धरून ‘ही सेड मी’ निघतं. म्हणून माझा सल्ला असा की इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मनात मराठीत या, हिंदीत थांबू नका. सांगितलं असेल तर टोल्ड आणि लगेच माणूस. म्हणाला असेल तर सेड, आणि माणूस नाही आणला तरी चालेल.

आता ‘डिस्कस अबाउट’. ही चूक एकट्या तुमची नाही, भारतभर चालते, मोठमोठ्या साहेबांच्या मेलमध्येही दिसते. पण ती होते का, ते कळलं तर अशा दहा-पंधरा चुका एकदम सुटतात, म्हणून इथे जरा थांबते.

मराठीत पुष्कळ क्रिया आपण नाम आणि ‘करणे’सारखं क्रियापद जोडून करतो. चर्चा करणे, विनंती करणे, मागणी करणे, लग्न करणे, संपर्क साधणे, भेट देणे. यात खरं वजन नामाचं आहे, आणि नामाला स्वतःचा हात नसतो. चर्चा कशावर, विनंती कशाची, लग्न कुणाशी, संपर्क कुणाशी, हे सांगायला प्रत्यय लागतोच. इंग्रजीतही नामाचं अगदी तसंच आहे: अ डिस्कशन अबाउट द रिफंड, अ रिक्वेस्ट फॉर अ रिफंड, अ डिमांड फॉर मनी, अ व्हिजिट टु नागपूर, ॲन आन्सर टु द क्वेश्चन. पण तेच क्रियापद झालं की त्याला हात फुटतो, ते वस्तूला स्वतः धरतं: डिस्कस द रिफंड, रिक्वेस्ट अ रिफंड, डिमांड मनी, व्हिजिट नागपूर, आन्सर द क्वेश्चन. आपण क्रियापद वापरतो आणि डोक्यात ‘चर्चा करणे’ असतं, म्हणून ‘चर्चे’चा प्रत्यय मागे लोंबकळत येतो. कॉन्टॅक्ट विथ हिम, मॅरीड विथ हर, ऑर्डर्ड फॉर टू कूलर्स, सगळी याच घरची पोरं. बरोबर ते कॉन्टॅक्ट हिम, मॅरीड हर, ऑर्डर्ड टू कूलर्स.

यात एक बंडखोर आहे आणि नेमका तुमच्या विभागाचा. कम्प्लेन. हे क्रियापद असूनही हात नसलेलं. ग्राहकाने कुणाकडे तक्रार केली ते ‘टु’ने आणि कशाबद्दल ते ‘अबाउट’ने: ही कम्प्लेन्ड टु अस अबाउट द मोटर. एवढं एक वाक्य टेबलावर चिकटवून ठेवा.

उलट्या बाजूचीही एक चूक आहे. तुमच्या पाच वाक्यांत ती नाही, पण मेलमध्ये असणार याची मला खात्री आहे. मराठीत भूक, आठवण, आवड, माहिती, गरज या सगळ्या गोष्टी माणसाला ‘होतात’, माणूस त्या करत नाही. मला भूक लागली, मला आठवतं, मला आवडतं, मला माहीत आहे, मला वाटतं, मला मोटर हवी आहे. वऱ्हाडीत तर ‘मले’ म्हटल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. ‘मला’ने सुरुवात झाली की तोंडात ‘टु मी’ किंवा नुसतं इंग्रजी ‘मी’ येऊ पाहतं. इंग्रजीत ही सगळी माणसं क्रियापदाच्या आधीच्या, करणाऱ्याच्या पाटावर बसणारी: आय ॲम हंग्री, आय रिमेंबर, आय लाइक, आय नो, आय थिंक, आय नीड अ मोटर. ‘माझ्याकडे पावती आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझं डोकं दुखतंय’, मराठीत तिन्हींची घडण वेगळी, इंग्रजीत तिन्हींची सुरुवात ‘आय हॅव’ने.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘लाइक’चा अर्थ ‘रुचणं’ असा होता आणि ते आपल्यासारखंच ‘मला रुचतं’ म्हणत. ‘मला वाटतं’साठी ‘मीथिंक्स’ असा शब्द होता, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांत तो सर्रास भेटतो. टोप्या गेल्या, आणि क्रियापदाच्या आधी बसलेला तो करणारा असा शिरस्ता पडला, तशी ही ‘मला’ मंडळीही ‘आय’ झाली. तो पाट रिकामा ठेवण्याची सोयच राहिली नाही. बसायला कुणी नसेल तर ‘इट’ला बसवतात: इट इज रेनिंग, इट इज व्हेरी हॉट. आपण ‘येते’ एवढंच म्हटलं तरी बोलणारी बाई आहे हेसुद्धा कळतं, कारण सगळं क्रियापदाच्या शेपटीत आहे. इंग्रजीत नुसतं ‘कम’ म्हटलं तर तो हुकूम होतो. तेव्हा फोनवर घाईत ‘यस, विल सेंड’ म्हणता ना, तिथे ‘आय’ किंवा ‘वी’ गाळू नका.

‘माय सर... दे विल कॉल’ वाचून मला माझीच फजिती आठवली. शाळेत नवीन होते, इंग्लंडहून एक पाहुणे आले होते. मुख्याध्यापकांची वाट बघत होतो. मी आदराने म्हटलं, ‘अवर हेडमास्टर इज अ गुड मॅन, दे आर कमिंग.’ सर आले, खुर्चीवर बसले. पाहुणे मात्र दाराकडेच बघत राहिले, बाकीचे कधी येतात म्हणून. ‘ते आले’ यातला आदर इंग्रजी सर्वनामात बसत नाही. एक बाप, एक गुरू, एक साहेब, सगळे ‘ही’. आदर ‘वुड यू’, ‘प्लीज’, ‘सर’ यांतून दाखवायचा. हल्ली एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरतात तेही खरं, पण ते स्त्री की पुरुष हे माहीत नसताना किंवा सांगायचं नसताना. त्याचा आपल्या अहो-जाहोशी संबंध नाही.

आता पाचवं वाक्य. ‘स्विच ऑफ द कूलर’ बरोबर, ‘स्विच द कूलर ऑफ’ही बरोबर. पण कूलरच्या जागी ‘इट’ आला की तो मधेच बसतो: स्विच इट ऑफ. ‘स्विच ऑफ इट’ होत नाही. तसंच पिक मी अप, कॉल हिम बॅक, फिल इट इन, थ्रो इट अवे. पण मग लुक ॲट इट, लुक आफ्टर हर, वेट फॉर देम यांत सर्वनाम शेवटी का? कारण हे दोन वेगळे प्रकार आहेत, दिसायला सारखे एवढंच. ‘वेट फॉर देम’मधला फॉर हा पुढच्या ‘देम’चा आहे, खरोखरचा प्रीपोझिशन. ‘स्विच ऑफ’मधला ऑफ मागच्या ‘स्विच’चा आहे, क्रियापदाचाच तुकडा.

हा तुकडा मराठी माणसाला परका नाही, फक्त कुणी ओळख करून दिलेली नसते. आपण नुसतं ‘लिही’ म्हणत नाही, ‘लिहून घे’ म्हणतो: राइट इट डाउन. ‘फेकून दे’: थ्रो इट अवे. ‘शोधून काढ’: फाइंड इट आउट. ‘उठून बस’: सिट अप. ‘खाऊन टाक’: ईट इट अप. ‘संपवून टाक, वापरून टाक’: यूज इट अप. आपण दुसरं क्रियापद जोडून जे काम उरकतो, ते इंग्रज अप, डाउन, अवे, आउट जोडून उरकतात. जिथे तुमच्या मराठीत टाक, दे, घे, काढ येतं तिथे इंग्रजीत असा तुकडा असण्याची शक्यता दाट, आणि तिथे ‘इट’ मधे. शब्दाला शब्द मात्र जुळवायला जाऊ नका. टाकला अप, देला अवे अशी नवी यादी केलीत तर माझ्या झेरॉक्सची दुसरी आवृत्ती निघेल.

कानाने ओळखायची एक खूण सांगते, ती फोनवर उपयोगी पडते. ‘स्विच इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर येतो. ‘लुक ॲट इट’ म्हणताना जोर ‘लुक’वर, ‘ॲट’ पुसट. वाक्याच्या मधला खरा प्रीपोझिशन सहसा असा पुसट असतो. ‘वेट फॉर हिम’चं ‘वेट्फरिम’ होतं, ‘गिव्ह हिम’चं ‘गिव्हिम’, ‘टेल हर’ तर चक्क ‘टेलर’ ऐकू येतं. माझी एक विद्यार्थिनी आठवडाभर समजत होती की समोरची बाई शिंप्याबद्दल काही विचारतेय. आपण प्रत्येक शब्द सुटा आणि सारख्या जोराने म्हणतो, म्हणून त्यांच्या तोंडचे हे पुसट शब्द आपल्या कानावर पडतच नाहीत, आणि पडले नाहीत म्हणजे शिकले जात नाहीत. पहिलीपासून की पाचवीपासून हा मुद्दा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीत आलं. मी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवली. दोन्ही पिढ्या प्रीपोझिशन डोळ्याने शिकल्या.

राहिले पासून आणि पर्यंत. इथे क्रियापद ठरवत नाही, वेळेचा आकार ठरवतो. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘दिवाळीपासून’, आपलं ‘पासून’ दोन्हीकडे. इंग्रजी विचारते: सुरुवातीचा ठिपका सांगताय की लांबी? ठिपका असेल तर सिन्स: सिन्स दिवाळी, सिन्स मंडे. लांबी असेल तर फॉर: फॉर टू इयर्स. शिवाय मराठीत ‘दोन वर्षांपासून काम करते’ असा साधा वर्तमानकाळ चालतो. आपल्या बोलीत तर ‘काम करून राहिली’ तयारच आहे, त्यावरून थेट ‘ॲम वर्किंग’ येतं. मागून सुरू होऊन आजपर्यंत आलेलं काम इंग्रजीत ‘हॅव’ मागतं. (या ‘करून राहिलो’ने आणखीही एक खोड लावलीय. ‘मले समजून राहिलं’ आपण सहज म्हणतो, म्हणून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नोइंग’. नो, अंडरस्टँड, वाँट, नीड यांना आयएनजी सहसा लावू नका.)

‘पर्यंत’ने तर पैसे जातात. ‘पाचपर्यंत थांबा’ आणि ‘पाचपर्यंत फोन करतील’, यात पहिलं काम पाच वाजेपर्यंत सतत चालू आहे, दुसरं पाचच्या आत कधीतरी एकदा होणार आहे. मराठी दोन्हीला ‘पर्यंत’ म्हणून मोकळी. इंग्रजीत पहिलं अंटिल किंवा टिल, दुसरं बाय. ‘ही विल कॉल यू टिल फाइव्ह’ याचा अर्थ साहेब पाच वाजेपर्यंत फोन करतच राहणार. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशी गिऱ्हाइकाला ‘द ऑफर इज व्हॅलिड बाय थर्टी जून’ लिहिलं होतं. समोरच्याला वाटलं, सवलत तीस जूनच्या सुमारास सुरू होणार, तो थांबून राहिला. मुदत निघून गेली तेव्हा खुलासा झाला.

इन, ऑन, ॲटबद्दल तुम्ही फार विचारलेलं नाही, तेव्हा पटकन. वेळेला घड्याळाचा काटा ॲट, वार-तारीख ऑन, महिना-वर्ष इन. ‘ॲट नाइट’ पण ‘इन द मॉर्निंग’ हे तसंच गिळायचं. यस्टर्डे, टुमारो, लास्ट मंडे यांना काही नाही. वाहनात उभं राहता येत असेल तर ऑन: ऑन द बस, ऑन द मेट्रो. वाकून आत शिरावं लागत असेल तर इन: इन अ कार, इन ॲन ऑटो. स्कूटरवर आपण स्वार असतो, म्हणून ऑन.

यातलं किती मनावर घ्यायचं ते तुमच्या कामावर आहे. फोनवर कोइमतूरचा ग्राहक ‘डिस्कस अबाउट’ ऐकून अडणार नाही, कदाचित तोही तेच म्हणत असेल. तुमची बढती लेखी मेलवर अवलंबून असेल तर ‘करणे’वाली क्रियापदं आणि ‘पर्यंत’ आधी सुधारा, कारण एक सतत दिसतं आणि दुसऱ्याने अर्थ बदलतो. अमेरिकी ग्राहक असतील तर काही जोड्याही बदलतात: ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. कंपनीत जे चालतं ते धरा, त्यावर वाद घालू नका.

सरावासाठी नवीन पुस्तक घेऊ नका. तुमचे फोन रेकॉर्ड होत असतील आणि ऐकायला परवानगी मिळत असेल, तर रोज एकच कॉल ऐका आणि त्यातली क्रियापदं मागच्या ‘हिम’ किंवा ‘इट’सकट वहीत उतरवा. दिवसाला पाच पुरेत. लिहिलेलं मोठ्याने, एका श्वासात, एक शब्द असल्यासारखं म्हणा: कॉल्हिम्बॅक, वेट्फरिम, स्विचिटॉफ. घरचे हसतील, हसू द्या.

आता तुमची वाक्यं. पहिलं: ‘आय टोल्ड हिम टु डिस्कस द रिफंड विथ अवर अकाउंट्स टीम.’ कुणाशी ते मी घातलंय, कारण डिस्कसला विषय थेट धरता येतो पण माणसाला ‘विथ’ लागतोच. दुसरं: ‘माय मॅनेजर इज अवे फ्रॉम हिज डेस्क. ही विल कॉल यू बाय फाइव्ह.’ ‘सर’ नागपुरात ठीक, बाहेरच्याला कळत नाही कोण ते. आणि ‘सीटवर नाहीत’ हे आपलं ऑफिसचं मराठी आहे. तिसरं: ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स.’ चौथं: ‘प्लीज एक्सप्लेन द प्रॉब्लेम टु मी.’ पण ग्राहक आधीच तापलेला असतो, त्याला समजावून सांगायला लावण्यापेक्षा ‘प्लीज टेल मी व्हॉट हॅपन्ड’ बरं, टेलला ‘टु’ची भानगडही नाही. पाचवं: ‘प्लीज स्विच इट ऑफ, वेट फॉर अ मिनिट, अँड स्विच इट ऑन अगेन.’ हे एप्रिल-मेमध्ये तुम्हाला दिवसातून चाळीस वेळा म्हणावं लागणार आहे. एवढा सराव माझ्या बॅचमध्ये कुणालाच मिळाला नाही.